शेवटचे चाळीस सेकंद

“बंद का केलंत? तेवढंच तर बरं होतं.”

नव्या बाई एवढंच म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावायला लागल्या. त्यांना नव्या म्हणायचं ते सवयीनं. येऊन दोन वर्षं झाली. रुग्णालयाच्या या श्रवणचाचणी विभागात आम्ही दोघंच, एकोणीस वर्षं मुरलेला मी आणि त्या. जेवणाच्या सुट्टीत मी संगणकाच्या छोट्या स्पीकरांवर धाकट्या भावाच्या बँडचा नवा अल्बम लावला होता. बाईंना हे संगीत मुळीच सोसत नाही. मेटलकोर म्हणजे काय असं त्यांनी एकदा विचारलं होतं आणि मी हौसेनं समजावून सांगितलं होतं: जड गिटारी, जीव घेऊन धावणारे ड्रम, मधेच सगळं एकदम संथ होऊन छातीवर बसणारा ठोका, त्यावर एक माणूस किंचाळतो, आणि मग तोच माणूस गोड आवाजात गातो. “आमच्याकडे जुळी आहेत सर, मला घरी हेच असतं,” असं त्या म्हणाल्या होत्या. तर अकरावं, शेवटचं गाणं झालं, गिटार विझली, मी हात लांब करून थांबवलं, आणि त्यांनी हे विचारलं. मी म्हणालो, संपलं होतं. “कुठे? ते किणकिणत होतं ना, गिटार थांबल्यावर. आत्ता कुठे कानाला जरा बरं वाटायला लागलं होतं.” मी हसलो. समोरच्याचं बोलणं नीट पोचलं नाही की माणूस हसतो, हे मला वडिलांमुळे फार लहानपणी समजलं होतं. मी पुन्हा लावलं. गिटार विझली. मग काही नाही. पडद्यावरची रेघ मात्र पुढे सरकत होती, चाळीस सेकंद, आणि बाई डब्याच्या झाकणावर बोट हलकेच आपटत होत्या. बोट तालात पडत होतं.

मी त्या बोटाकडे बघत राहिलो. कारण हे चाळीस सेकंद मी कापायला लावले होते. आमच्यातली ही जुनी चाल आहे. बँड सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे सोळा वर्षं, अल्बम बाहेर जायच्या आधी त्याची पहिली प्रत माझ्याकडे येते. मी तो एकदाच ऐकायचा, इथल्या बूथमध्ये, म्हणजे चाचणीच्या आवाजबंद खोलीत, दार लावून, आणि पानभर मत लिहून द्यायचं. ते पान धाकटा सरावाच्या खोलीत उभ्यानं वाचून दाखवतो आणि बाकीचे उभ्यानं ऐकतात. सुरुवात थट्टेतून झाली होती. पहिल्या अल्बमात दुसऱ्या गाण्यातल्या एका गिटारची एक तार किंचित उतरली आहे असं मी लिहिलं, कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, सगळ्यांनी पुन्हा ऐकलं आणि खरंच उतरलेली होती. तेव्हापासून माझं नाव पडलं ‘कान’. कान काय म्हणतो? कानाकडे पाठवलं का? पुढे थट्टा कधी संपली आणि चाल कधी पक्की झाली ते कळलं नाही. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं. दिवसभर लोकांच्या कानांचे आलेख काढणाऱ्या माणसाला कोणी कान म्हणून मान दिला तर तो काय नाही म्हणणार?

सात आठवड्यांपूर्वी हीच प्रत आली होती. मी बूथमध्ये बसून ऐकली आणि पहिल्या गाण्यापासून चिडत गेलो. सगळं जाड, ओल्या घोंगडीखालून आल्यासारखं. झांजा तर नाहीतच. ड्रमवरच्या त्या पितळी तबकड्या, ज्यांच्यामुळे या संगीताला धार येते, त्या कुठे गेल्या? धाकट्याचं किंचाळणं कळत होतं, पण त्यातले शब्द नुसते हं हं असे. मी पानावर लिहिलं की अल्बमला वय झालंय. लिहिलं की काडीचे हात गेलेत, तो झांजांना घाबरून वाजवतोय, असा ड्रमवाला असेल तर गिटारींनी कितीही डोकं आपटलं तरी व्यर्थ आहे. आणि खाली, जरा शोभेसाठी म्हणून: ‘शेवटचे चाळीस सेकंद कापा. त्यांची कोणालाही गरज नाही.’ मला वाटलं होतं की शांततेची रिकामी पट्टी लावून गंभीरपणाचा आव आणलाय. वाक्य जमलं म्हणून मी ते दोनदा वाचलंही. लिहिताना मला मजा आली होती, आणि आता त्या मजेचीच जास्त लाज वाटते.

काडी म्हणजे त्यांचा ड्रमवाला. अंगानं काडी, म्हणून काडी; धाकट्याचा शाळेपासूनचा दोस्त. दिवसा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासतो. सोळा वर्षांत या माणसानं बँडमध्ये काही मागितलेलं मला आठवत नाही. गाडीत मागे बसायचा, जेवताना शेवटी वाढून घ्यायचा, फोटोत अर्धा कापला जायचा. माझं पान वाचून झालं तेव्हा तो म्हणे एवढंच म्हणाला, “दादांच्या कानाला लागत नसेल तर नाही वाजत माझ्याकडून.” आणि काठ्या पिशवीत घालून गेला. दुसऱ्या कोणाला बोलावून सगळे ड्रम पुन्हा वाजवून घेतले, शेवट कापला. ती नवी प्रतही माझ्याकडे आली आणि मी शेरा दिला, ‘आता जरा बरं.’ अल्बम येत्या शुक्रवारी बाहेर पडणार होता. सुट्टीत मी जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती लावून पाहत होतो, आपण केवढं वाचवलं याचं समाधान करून घ्यायला.

बाई म्हणाल्या, “सर, चहा निवतोय.” त्या वेळी मला आठवला तो आमच्या घरातला टीव्ही. वडील पत्रा ठोकणाऱ्या कारखान्यात होते, यंत्राच्या पुढ्यात अठ्ठावीस वर्षं. आमच्याकडे टीव्ही असा लागायचा की जिन्यातून बातम्या कळाव्यात. वडील सगळ्या बोलण्याला हसून मान हलवायचे, वाईट बातमीलाही. कोणी त्यांना काही विचारलं तर आई उत्तर द्यायची, इतक्या सफाईनं की पाहुण्यांना पत्ता लागत नसे. धाकटा कपाटात गोधड्या कोंबून आत किंचाळायचा सराव करायचा आणि वडील बाहेर खुर्चीत शांतपणे पेपर वाचत बसायचे. आई घाबरून म्हणायची, “अरे, बघ रे त्याला कोणी मारतंय का,” आणि वडील तिच्याकडे बघून हसायचे. मी या धंद्यात आलो तो त्या हसण्यामुळे. कारखान्यांतून येणाऱ्या माणसांना मी रोज तेच सांगतो: कानात बोळे घाला, गेलेलं परत येत नाही. आणि दर शनिवारी मी मात्र धाकट्याच्या कार्यक्रमाला सगळ्यात पुढे, भिंतीएवढ्या स्पीकरच्या तोंडाशी, उघड्या कानांनी उभा असायचो. सख्खा भाऊ गात असताना कानात बोळे घालायचे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं वाटायचं. माणूस इतका गाढव असू शकतो हे मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं असतं तर खो खो हसलो असतो.

आणि मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. रोज सकाळी पहिला माणूस येण्याआधी यंत्र ठीक आहे का हे आपल्याच कानांवर तपासायचं असतं. हेडफोन घालायचे, प्रत्येक सूर अगदी बारीक करून लावायचा, कोणत्या आकड्यावर ऐकू आला ते वहीत लिहायचं. ते माझं काम, जुन्या माणसाचं. खालचे सूर, मधले सूर ठीक. वरचे, चार हजार, सहा हजार, आठ हजार कंपनांचे, ते पक्ष्यांच्या चिवचिवाटासारखे सूर, कधीतरी येईनासे झाले. पहिल्या दिवशी मला वाटलं सर्दी. मग वाटलं झोप झाली नाही. मग यंत्राची आवाजाची चकती पाच आकडे वर केली, मग दहा, आणि वहीत मात्र कालचाच आकडा उतरवला, कारण कालचा आकडा सुंदर होता. असं किती दिवस, हे मोजायला मी कधी बसलो नाही. सकाळी नऊला, रिकाम्या विभागात, एकटाच मी त्या वहीवर वडिलांसारखा हसून मान हलवत होतो.

संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात गेलो. पुढच्या काउंटरवरच्या बाईनं मागे बोट दाखवलं. खोलीत पाण्याचा आणि घासलेल्या काचेचा वास, फिरणारं चाक, त्यावर थेंब थेंब पाणी, आणि स्टुलावर काडी, उजव्या मनगटाला काळा पट्टा बांधून. मला बघून तो उभाच राहिला.

“दादा, तुम्ही? बसा ना. थांबा, हे पुसतो.”

“हाताला काय झालं?”

“काही नाही. डॉक्टर म्हणाले काही नाही. फोटो काढला, नस बघितली. सगळं ठीक आहे म्हणाले.”

“मग पट्टा कशाला?”

“ठीक नाहीये ना.” तो ओशाळून हसला. “तुम्ही लिहिलंत तोवर मला कळलंच नव्हतं बघा. मग लक्ष द्यायला लागलो. करंगळीत जोर नाही. सकाळी मुंग्या येतात. परवा दोन काचा फुटल्या माझ्याकडून. बावीस वर्षांत एक नव्हती फुटली.”

चाक अजून फिरत होतं. त्याचा आवाज मला गुरगुरल्यासारखा येत होता, आणि वर काहीतरी असणार, काच घासल्याची ती दात आंबवणारी चिरचिर, ती मला येत नव्हती. मी म्हणालो, “काडी, तुझे हात धडधाकट आहेत. माझे कान गेलेत. तुझ्या झांजा मला ऐकूच आल्या नाहीत. शेवटचे चाळीस सेकंद मला रिकामे वाटले रे. मला वाटलं, तिथे काहीच नाही.”

त्यानं चाक बंद केलं. मला वाटलं आता हा रागावेल, आणि तो रागावला असता तर मी त्याचे पाय धरले असते. पण त्याच्या चेहऱ्यावर कीव आली.

“धाकट्यानं पाठवलं का तुम्हाला?”

“नाही रे. आईशपथ.”

“मला बरं वाटावं म्हणून बोलताय दादा. कळतं मला. पण तुम्ही नका असं स्वतःवर घेऊ.” मग पट्ट्याची टोकं नीट करत, साधेपणानं त्यानं विचारलं, “तुमचे कान गेले असते तर तुम्ही रोज तिथे करता काय मग?”

तो मला दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, ते शेवटचं त्यानं मागून घेतलं होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदाच. सगळे वाजवून थकले की एकट्यानं हलकं काहीतरी वाजवायचं, असं त्याच्या मनात फार दिवस होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानंही कौतुकानं खालचा सगळा जाडपणा काढून फक्त वरची झिलई ठेवली होती. “मागायलाच नको होतं,” काडी म्हणाला. “आपण मागे बसणारी माणसं.” रस्त्यावर आल्यावर मी धाकट्याला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मग त्यानं एकच विचारलं, “दादा, कधीपासून? म्हणजे मागच्या अल्बमला तू म्हणालास की माझा आवाज दबलाय, आणि मी सहा महिने घसा फाडून घेतला, ते तरी खरं होतं का?” मी म्हणालो, मला माहीत नाही. तो म्हणाला, शुक्रवारचं आता काही होत नाही, सगळं पुढे गेलंय. “आणि काडीकडे मीही गेलो होतो. तो म्हणतो, कानानं सांगितलंय. तुझ्यापुढे माझं कोण ऐकतो?” ते वाक्य त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. मी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

माझ्या शब्दावर काडीनं आपले चांगले हात आजारी करून घेतले होते. आता शब्दानं भागणार नव्हतं, कागद हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी बाईंना म्हणालो, “माझी चाचणी करा.” त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ही सकाळची तपासणी तुम्हीच करता ना, सर?” मी हो म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्याचे मी उपकार मानतो. एकोणीस वर्षं मी काचेच्या या बाजूला बसलो आहे. आत बसणाऱ्यांच्या सगळ्या लबाड्या मला तोंडपाठ आहेत. ज्यांना नोकरी टिकवायची असते ते नसलेला सूर ऐकतात, हलकं काम हवं असतं ते असलेला ऐकत नाहीत. बटण कोणत्या लयीत दाबलं की तपासणारा फसतो, काचेतून त्याच्या खांद्याची हालचाल दिसली की सूर सुटला हे कसं ओळखायचं, सगळं. म्हणून मी खुर्ची उचलून पाठ काचेकडे केली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

हेडफोनमध्ये खालचे सूर आले, मी दाबलं. मधले आले, मी दाबलं. मग चढण सुरू झाली आणि माझा अंगठा बटणावर शिवशिवायला लागला. आता असेल. आता नक्की असेल. बाई एका सुरानंतर दोन श्वास थांबतात, मला माहीत आहे, मीच शिकवलंय. दाब. एवढ्यानं तुझं काम राहील, नाव राहील, शुक्रवारी पुन्हा कोणी म्हणेल कान काय म्हणतो. मला खरोखर काहीतरी ऐकू आल्यासारखंही वाटलं, अगदी बारीक, वरच्या कोपऱ्यात. गेलेल्या सुरांच्या जागी असंच काहीतरी वाजत राहतं, हेही मी लोकांना रोज सांगतो. मी अंगठा बटणावरून उचलला आणि मुठीत दाबून धरला. मला आलेख वाईट यायला हवा होता, जितका वाईट तितका काडीसाठी बरा. आणि तरी आतून कोणीतरी हट्टानं म्हणत होतं, येऊ दे ना एक, एकच. फार वेळ काही आलं नाही. मग बाईंनी दार उघडलं आणि कागद माझ्या हातात दिला. रेघ मधल्यापर्यंत सरळ चालत आली होती आणि तिथून खाली गेली होती. असे आलेख मी हजारो काढलेत. असा आलेख घेऊन आलेल्या माणसाला मी विचारतो, घरात टीव्ही मोठ्यानं लावता का?

पण कागदावर माझे कान होते, काडीचे हात नव्हते. तो म्हणेल, तुमचे कान गेले असतील दादा, माझे हातही गेलेत. म्हणून मी बाईंना म्हणालो, “अजून एक काम. जुन्या प्रतीतला शेवट मला आत लावा आणि तुम्हीही बाहेर हेडफोनवर ऐका. काय ऐकू येतं ते माइकवर सांगा. मी लिहून घेतो.” त्या म्हणाल्या, “मला यातलं काही कळत नाही सर.” मी म्हटलं, मला तेच हवंय. मी खुर्ची पुन्हा काचेकडे वळवली. वहीतलं एक कोरं पान फाडून मांडीवर घेतलं. गिटार आली, धाकट्याचा शेवटचा आक्रोश आला, गिटार विझली.

“हां,” बाईंचा आवाज माझ्या कानात आला. “आता एकच, हलकं. परत. आता दोन जवळजवळ. स्वयंपाकघरात कोणीतरी भांडी पुसून जपून ठेवतंय ना, घरातलं कोणी उठू नये म्हणून, तसं. मधे थांबतोय. घाई नाही त्याला.”

“हात चुकतोय का कुठे? कापतोय?”

“छे. एकदाही नाही.”

मी ते लिहिलं. शेजारी त्यांचं नाव आणि हुद्दा लिहिला, खाली आजची तारीख. दुकानाच्या मागच्या खोलीत आज हे पान मीच वाचून दाखवणार होतो, चाक बंद करायला लावून, उभ्यानं. तो पट्टा सोडेल का, माहीत नाही. अंगात रुजलेलं असं एका पानानं निघत असतं तर मी सकाळच्या वहीत खरा आकडा केव्हाच लिहिला असता. तो मात्र आज लिहिला. शिपाई दार ढकलून सांगून गेला की पहिली तीन माणसं बाहेर येऊन बसली आहेत.

“बाई, अजून एकदा लावा,” मी म्हणालो. “या वेळी सांगू नका. नुसता हात वर धरा. संपलं की खाली करा.”

त्यांनी लावलं. गिटार विझली आणि बाईंनी हात वर केला. हेडफोनमध्ये माझा श्वास होता आणि त्याच्यापलीकडे काही नव्हतं. मी मनात मोजायला लागलो. दहा. वीस. बाईंनी डोळे मिटले होते, मान किंचित कलली होती, आणि ज्या संगीताला त्या नाक मुरडतात त्याच्या शेवटाशी त्यांच्या चेहऱ्यावर एक मऊपणा आला होता. काडीनं तो शेवट कोणासाठी वाजवला होता ते मी त्याला विचारलंच नव्हतं. तीस. मी पुढे वाकलो, कपाळ काचेला लागलं. चाळीस झाले. माझं मोजणं चुकलं असेल.

बाईंचा हात अजून वरच होता.